चौथ्या दिवसाचा नियम

पहिली बशी फुटली तेव्हा अण्णा जहाजाच्या जेवणघरात ताक पीत होते. आवाज वाढपाच्या टेबलाकडून आला. कुणाच्या तरी हातून निसटली असेल असं समजून मी मान वळवली. बशी निसटली नव्हती, कुणीतरी फेकून मारली होती. वाढणाऱ्या अश्रफच्या कानाजवळून जाऊन ती भिंतीवर फुटली होती आणि आमटीचा ओघळ खाली उतरत होता.

अण्णांनी पेला खाली ठेवला आणि मास्क नाकावर ओढला. "तुझाही लाव, बाय. आणि उठू नको. भांडणात जो उठतो तो भांडणातलाच धरला जातो."

"आपण बाहेर जाऊ या, अण्णा. दार इथंच आहे."

"अश्रफ एकटा आहे तिकडं," ते म्हणाले. म्हणजे ते जाणार नव्हते.

त्या जहाजावर त्यांना मीच आणलं होतं. माझे वडील काशिनाथ डोर्लेकर चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, त्यातली शेवटची सोळा सारंग म्हणून. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा वरचा माणूस तो सारंग. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचा माल वाहिला. आपण प्रवासी म्हणून खुर्चीत बसलोय, समोर समुद्र आहे आणि कुणीतरी चहा आणून देतंय, एवढं एकदा त्यांना हवं होतं. निवृत्तीनंतर किडन्या गेल्या. त्या प्रवासाच्या चौदा महिने आधी त्यांना नवी किडनी बसवली, माझी. शरीराने ती नाकारू नये म्हणून गोळ्या होत्या आणि त्या गोळ्या त्यांची रोगाशी झगडायची ताकदच दाबून ठेवत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "किडनी टिकेल. पण हा करोना त्यांना झाला, तर ते टिकणार नाहीत."

म्हणून मी कंपनीला तीनदा फोन केला होता. मास्क सक्तीचा आहे ना? आहे. सगळ्यांची चाचणी? होणार. मगच तिकिटं काढली. मुंबईहून दक्षिणेला एका बेटापर्यंत जाऊन परत, पाच दिवस.

पहिला दिवस सांगितल्याप्रमाणेच गेला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी भोंग्यावरून जाहीर झालं की आजपासून मास्क ऐच्छिक. तरणतलावाच्या डेकवर आरोळी उठली. शेतीचे पंप विकणारे सांगलीकडचे साठेक व्यापारी सहलीला आले होते. त्यांनी गुढी उभारली होती. तिच्यावर साखरेच्या गाठीशेजारी त्यांनी मास्कांची माळ चढवली. उरलेले मास्क समुद्रात भिरकावले. एका बाईने ओठ रंगवून नवऱ्याला फोटो काढायला लावला आणि म्हणाली, "दोन वर्षांनी दिसतेय हो मी पुरती." मला तिचा रागही आला नाही. तिचा आनंद खरा होता.

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "जहाजाचा नियम बदलला. माझ्या गोळ्या नाय बदलल्या."

त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांच्या आधी जेवायला जाऊ लागलो. ती व्यवस्था अश्रफ परकारने केली. तो जेवणघराचा प्रमुख होता, बाणकोटचा, चाळिशीचा, तीन मुलींचा बाप. अण्णा सारंग होते हे कळल्यावर तो त्यांना सारंगचाचा म्हणू लागला. उघड्या दाराजवळचं टेबल त्याने आमच्यासाठी राखून ठेवलं. स्वतः मात्र नियम ऐच्छिक झाला तरी मास्क लावूनच वाढायचा. अण्णांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या ताटात माझा श्वास कशाला, चाचा?"

चौथ्या दिवशी सकाळी भोंगा पुन्हा वाजला. जहाजावर नऊजण आजारी निघाले होते. त्यांना खालच्या डेकवर वेगळं ठेवलं होतं. काहींना ताप असल्यामुळे आदल्या दिवशी बेटावर कुणाला उतरू दिलं नव्हतंच. आता मास्क पुन्हा सक्तीचा. जो लावणार नाही त्याला जेवणघरात प्रवेश नाही.

आणि प्रवेशाच्या दारात उभं राहायचं काम अश्रफचं होतं.

त्या दुपारी पंपवाले एकत्र आले, एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता. पुढे मगदूम होते. पन्नाशीचे, आडव्या बांध्याचे, दोन दिवस सगळ्या जहाजाला हसवणारे. अश्रफने मास्कांचा खोका पुढे केला. त्यांनी तो खालून उडवला. मास्क जमिनीवर पसरले आणि माणसं त्यांच्यावरून चालत आत आली, ताटं उचलून वाढून घेऊ लागली. अश्रफ वाढपाच्या टेबलाच्या आड जाऊन उभा राहिला आणि त्याने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. तेव्हा ती पहिली बशी आली.

"परवा नाचा म्हणाला, आज तोंड बांधा म्हणताय," मगदूम ओरडले. "आमी काय बैलं हाय काय रे मुसकी बांधाय?"

"शेठ, हुकूम वरचा आहे. मी फक्त सांगतो."

"वरच्याला बोलीव मग खाली!"

"येतायत, शेठ. तोवर मास्क लावा. मी स्वतः वाढतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येलाच वाढा रे!" आणि लोक हसले. त्या हसण्यातच एकाने पळी उचलली आणि अश्रफच्या तोंडावर मारली. लोखंडी पळी होती ती, वरणाची. अश्रफच्या नाकातून रक्त आलं आणि त्याचा निळा मास्क आतून काळा पडत गेला. त्याने हात वर केले, मारायला नव्हे, तळवे दाखवायला. वाढपी दोघं पुढे आले, त्यांना खाली पाडलं. मी एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या बरगडीवर बुटाने मारताना पाहिलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, चेहऱ्यावर काही भाव नसताना, खिळा ठोकावा तसं. बायका मुलांना ओढत बाहेर पळत होत्या. काचेचं भांडं फुटलं आणि लोणच्याचं तेल फरशीवर पसरलं. त्यावरून घसरलेला माणूस उठून, ज्याने त्याला पाडलं नव्हतं अशाच कुणाच्या तरी थोबाडीत मारत सुटला.

मगदूमांनी अश्रफचा गळा धरला होता. दुसऱ्या हाताने ते त्याचा मास्क ओढत होते. त्यांचा आवाज बदलला होता, घोगरा झाला होता.

"काढ त्ये! तोंड दाखीव! माझ्या बाचं तोंड असंच झाकून दिलं दवाखान्यानं. प्लॅस्टिकात. ह्योच तुमचा बा म्हणून सांगितलं. कुणाला जाळलं आमी? सांग की! कुणाला जाळलं?"

अश्रफचे डोळे बाहेर आले होते. तरी त्याने हात उचलला नाही. खलाशाने असो की वाढप्याने, प्रवाशावर हात टाकला की तो जहाजावरून उतरला. आणि नुसता उतरत नाही. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नळी म्हणतात. पूर्वी ते पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत. किती महिने कुठल्या जहाजावर, वागणूक कशी, सगळं तिच्यात. एकदा वाईट शेरा पडला की कुठलंही जहाज त्या माणसाला घेत नाही.

अण्णा उठले.

मी त्यांचा सदरा धरला, तो माझ्या हातातून सुटला. त्या गर्दीत माझे एकाहत्तर वर्षांचे वडील सरळ चालत गेले आणि त्यांनी मगदूमांच्या मनगटावर हात ठेवला.

"सोड त्याला, बाबा. तुझ्या बापाला त्याने नाय झाकलं."

मगदूम वळले. गळा सोडला. क्षणभर मला वाटलं, झालं, मिटलं. मग ते म्हणाले, "ह्ये म्हातारं बी झाकलंयच," आणि त्यांनी अण्णांचा मास्क पकडून खाली खेचला. कानामागची दोरी तुटली. त्यांनी दोन्ही हातांनी अण्णांचा चेहरा धरला, आपल्या चेहऱ्याजवळ आणला आणि तोंडावर फुंकर मारली. एक लांब, पूर्ण छातीची फुंकर. मग दुसरी. "काय हुतंय? हां? मेलास का?"

मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. माझ्या आणि त्यांच्यामध्ये चार माणसं होती. मी एकाच्या दंडाला चावले, माझ्याच मास्कमधून.

तेवढ्यात मला पाण्याचा जग दिसला. स्टीलचा, जाड बुडाचा, भरलेला. मगदूमांच्या मागून तो वर गेला, छतावरच्या दिव्याच्या उंचीला, आणि खाली आला. जगातलं पाणी आधी सांडलं. मग आवाज झाला. मगदूम आडवे होताना वाढपाच्या टेबलाच्या पितळी कडेवर आपटले, डाव्या डोळ्यावर. खाली पडल्यावर त्यांचा एक पाय थोडा वेळ हलत राहिला.

जग अश्रफच्या हातात होता.

सगळं जेवणघर थांबलं नाही. मागे अजून मारामारी चालूच होती. एवढ्या गोंधळात त्या कोपऱ्यात काय झालं ते कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. तिथला कॅमेरा पाडव्याच्या तोरणांनी झाकला होता. अण्णांनी अश्रफकडे पाहिलं. त्याच्या बोटांतून त्यांनी जग काढून घेतला. अगदी सावकाश, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा. सुरक्षेची माणसं दांडकी घेऊन आत शिरली तेव्हा रक्त लागलेला जग माझ्या वडिलांच्या हातात होता.

"मी मारलं," अण्णा म्हणाले.

सुरक्षा अधिकारी घाडगे नौदलातून आलेले होते, मोजकं बोलणारे. त्यांच्या खोलीत आम्ही तिघं होतो: खुर्चीवर अण्णा, त्यांच्यामागे मी, आणि दाराशी नाकाला फडकं धरलेला अश्रफ, मारहाण झालेला म्हणून जबाब द्यायला. मी माझ्या पिशवीतला नवा मास्क अण्णांना लावला होता. मनात दिवस मोजत होते. त्या फुंकरीतून काही झालं असेल तर ते किती दिवसांनी कळेल.

"मगदूमांचा डोळा बहुतेक जाणार," घाडगे म्हणाले. "काका, तुम्हीच मारलंत?"

"मीच."

"का?"

"माझ्या तोंडावर फुंकला तो."

"ठीक आहे. उद्या सकाळी धक्क्यावर पोलीस येतील, त्यांच्या ताब्यात देऊ. तोपर्यंत खालच्या डेकवरच्या बंद खोलीत राहावं लागेल."

"खालच्या डेकवर?" मी म्हणाले. "तिथं ते नऊजण आहेत."

"आता चौदा. त्याच बोळात आहे ती खोली. आमच्याकडे दुसरी नाही, मॅडम."

मी त्यांना किडनीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"मग त्यांनी मारायला नको होतं," ते म्हणाले. "आणि उद्या पोलीस कोठडीत तर तीस माणसं असतील. तिथं कोण मास्क विचारतंय?"

दाराशी अश्रफने फडकं खाली घेतलं. त्याचे ओठ उघडले.

"अश्रफ," अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "नळी."

एवढंच. आणि अश्रफचे ओठ मिटले.

मला कळलं ते काय करतायत. त्यांच्या जहाजांवर ते असंच करत. डेकवरचं डेकवर मिटवायचं, वर जाऊ द्यायचं नाही, कारण वर गेलं की लिहिलं जातं. तीन वेळा त्यांनी दुसऱ्याचा गुन्हा स्वतःच्या नावावर घेतला होता. कप्तानांनाही ते कळायचं, आणि सारंगाने सांगितलं म्हणून ते सोडून द्यायचे. या गोष्टी मी लहानपणी मांडीवर बसून ऐकल्या होत्या. मला त्या फार आवडायच्या. पण हे जहाज ते नव्हतं. इथं सारंगाच्या शब्दाला कुणी ओळखत नव्हतं, आणि किनाऱ्यावर पोलीस उभे राहणार होते. त्यांना हे समजत नव्हतं, किंवा समजूनही ते तसंच करणार होते.

मी सात-आठ श्वास घेतले असतील.

"यांनी मारलं नाही," मी म्हणाले.

"बाय."

"अश्रफने मारलं. मी पाहिलं."

"ती बापाला वाचवायला खोटं बोलतेय, साहेब. पोर आहे माझी."

घाडगे आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना अजून पटलं नव्हतं. माझ्या शब्दासमोर अण्णांचा शब्द होता, आणि जग अण्णांच्या हातात सापडला होता. मग मी ते केलं.

"तो जग डोक्याच्या वर नेऊन मारलाय," मी म्हणाले. "यांच्या शेवटच्या जहाजावर दोर सुटून यांचा उजवा खांदा गेला. डाव्या हाताला डायलिसिससाठी शिरा जोडल्याची गाठ आहे, त्याने ते वजन उचलत नाहीत. सांगा त्यांना हात वर करायला."

"मृणाल," अण्णा म्हणाले. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"काका," घाडगे हळू म्हणाले, "करा बघू उजवा हात वर."

त्यांनी नकार दिला असता तरी चाललं असतं. पण हुकूम अधिकाऱ्याचा होता आणि ते चौतीस वर्षं जहाजावर होते. त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथं थरथरायला लागला. त्यांनी दात आवळले. हात आणखी दोन बोटं वर गेला. कपाळावर घाम आला. ते खरंच जोर लावत होते. अश्रफसाठी तो हात वर नेण्याचा जोर. तो हनुवटीपर्यंतही पोचला नाही.

"पुरे, चाचा," अश्रफ दारातून म्हणाला. "पुरे आता. ताई खरं बोलतायत. मी मारलं."

त्याच्या मनगटांना प्लॅस्टिकची पट्टी बांधली. जाताना त्याने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. अण्णांना मी आमच्या खोलीत नेलं. गरम पाण्याने त्यांचा चेहरा तीनदा धुतला. ते स्थिर बसून राहिले, डोळे मिटून, मी धूत होते तोपर्यंत.

त्यांना करोना झाला नाही. त्या फुंकरीतून नाही, त्यानंतरही नाही. ते दोन वर्षं सात महिने जगले. माझ्या हातचं जेवले, माझ्याबरोबर दवाखान्यात आले, वर्तमानपत्रातलं काही वाचायचं तर माझ्याकडून वाचून घेतलं. दिवा लाव, औषध झालं, उद्या मंगळवार, असं सगळं बोलले. बाय म्हणून हाक मात्र मारली नाही. मृणालही म्हटलं नाही. हाक न मारताच माणूस किती बोलू शकतो ते मला त्या काळात कळलं. मी एकदा म्हणाले, "अण्णा, मला शिव्या तरी द्या." ते म्हणाले, "कशाबद्दल?" आणि पेपर उलटला.

अश्रफला दीड वर्षाची कैद झाली. मगदूमांचा डोळा गेला. नळीत जे लिहायचं ते लिहिलं गेलं.

अण्णा कार्तिकात गेले, झोपेत, हृदय थांबून. त्याआधीच्या तपासणीत दवाखान्याने काढलेला छातीचा फोटो अगदी स्वच्छ होता. तो लिफाफा अजून माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात एका सकाळी अश्रफ आमच्या दारी आला. बारीक झाला होता. नाक थोडं वाकडं राहिलं होतं. खाडीच्या तरीवर तिकिटं फाडतो म्हणाला. एवढ्या लांबून तो रिकाम्या हाताने आला होता, आणि ते मला बरं वाटलं; काही आणलं असतं तर मला ते घेता आलं नसतं.

"सारंग गेले ते परवा कळलं."

"या, बसा."

तो अंगणातच उभा राहिला. "बसायला नाही आलो. एक विचारायचं होतं, तेवढ्यासाठी आलो. तुरुंगात रोज विचारायचो."

"विचारा."

"तुम्ही का सांगितलंत? मी बोलणारच होतो, किंवा नव्हतो, ते मलाही माहीत नाही. पण त्यांच्यासमोर तुम्ही का?"

खूप दिवस मनात घोळलेलं उत्तर माझ्याकडे होतं, लांबलचक. ते आलंच नाही.

"मला ते जिवंत हवे होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. हिशेबाची चूक शोधणारा माणूस बघतो तसं ते होतं.

"मिळाले?" त्याने विचारलं.

मी खांबाला धरून उभी होते. घरात कुणी नव्हतं. खोटं बोलायला हरकत नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "पण आज पुन्हा तिथं उभं केलंत, तर पुन्हा तेच सांगेन."

अश्रफने मान हलवली. मग त्याने चपला काढल्या.

"मग बसतो," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला.